भित्तिचित्र कोणत्या भिंतीवर आणि कोणासाठी?

मोठ्या भित्तिचित्रांविषयीच्या शंका कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेली बहुतेक पत्रे ज्येष्ठ नागरिकांच्या निवासांतून किंवा तालुक्याच्या गावांतून आली आहेत आणि ही गोष्ट मला आनंदाची वाटते. महानगरांतील उड्डाणपुलांच्या खांबांवर रंगणाऱ्या चित्रांची चर्चा पुष्कळ होते. परंतु जेथे तीच माणसे तीच भिंत वर्षानुवर्षे रोज पाहतात, तेथे चित्र काढणाऱ्याची जबाबदारी अधिक मोठी असते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या वृद्धाश्रमाच्या भोजनगृहात चाळीस फूट लांब आणि बारा फूट उंच अशी एक मोकळी भिंत आहे. एका देणगीदाराने तिच्यावर चित्र काढून घेण्यासाठी रक्कम दिली आहे. बैलगाडी, पाणवठा, कौलारू घर आणि मागे उगवता सूर्य असे दृश्य काढावे, यावर विश्वस्तांचे जवळजवळ एकमत झाले आहे. हा विषय योग्य आहे का? चित्रकाराला आणखी कोणत्या सूचना द्याव्यात?
— एक विश्वस्त, सातारा जिल्हा

आपल्या पत्रात देणगीदाराचे मत आहे, विश्वस्तांचे आहे. त्या भिंतीसमोर दिवसातून तीन वेळा बसणाऱ्या रहिवाशांचे मत मात्र कोठे दिसत नाही. विषय ठरवण्याआधी ते घ्यावे, अशी माझी पहिली आणि आग्रहाची विनंती आहे.

माणसाच्या स्मरणात साधारणपणे दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी सर्वांत दाट राहतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. आज ऐंशीच्या घरात असलेल्या व्यक्तीची विशी १९६० च्या दशकात गेली. त्या काळी आपल्या रहिवाशांपैकी काहीजण शेतावर असतील, हे खरे. पण काही गिरणीत, काही तारघरात, काही जिल्हा परिषदेच्या शाळेत, काही एस. टी. च्या कार्यशाळेतही असतील. मुंबईत ट्राम ३१ मार्च १९६४ पर्यंत धावत होती आणि तिचा खडखडाट ऐकलेली माणसे आजही आपल्या निवासांत आहेत. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर निघाली. त्या गाड्यांनी ज्यांच्या गावाला प्रथम बाहेरचे जग दाखवले, त्यांना त्या गाडीचे चित्र जितके बोलते करील तितके कोणाचेच नसलेले एक सरसकट खेडे करणार नाही. बैलगाडीला माझा विरोध नाही. ती कोणाच्या तरी आठवणीतून आलेली असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

रहिवाशांना “तुम्हाला कोणते चित्र आवडेल?” असे विचारल्यास बहुतेक जण संकोचाने “तुम्ही ठरवाल ते” असे म्हणतील. त्याऐवजी कामावर जाताना वाटेत काय दिसे, बाजार कोणत्या वारी भरे, पहिला पगार कोठे खर्च केला, घराच्या दारासमोर कोणते झाड होते, असे प्रश्न विचारावेत आणि चित्रकाराने स्वतः समोर बसून उत्तरे ऐकावीत. या गप्पांतूनच चित्राचा आराखडा निघतो. मात्र या भागात एक काळजी घ्यावी लागते. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप हा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग असला, तरी ज्यांनी त्यात माणसे गमावली त्यांना जेवताना ते दृश्य समोर नको असेल. दुःखाच्या आठवणी सांगणाऱ्याने सांगाव्यात, ऐकणाऱ्याने जपून ठेवाव्यात. त्या भिंतीवर आणायच्या की नाही, हे ज्याचे दुःख त्यालाच ठरवू द्यावे.

आता डोळ्यांविषयी. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या–जांभळ्या छटांचा प्रकाश अडतो. त्यामुळे गडद निळा काळ्यासारखा दिसू लागतो, निळा आणि हिरवा वेगळे ओळखणे अवघड होते आणि फिकट रंगांच्या शेजारी फिकट रंग ठेवल्यास दोन्ही एकमेकांत विरून जातात. चित्रकाराच्या तरुण डोळ्यांना जे नाजूक आणि तरल वाटते, ते ऐंशीच्या डोळ्यांना नुसते धुके वाटू शकते. म्हणून आकृती आणि पार्श्वभूमी यांच्यात उजेड–अंधाराचा स्पष्ट फरक असावा. आराखड्याचे छायाचित्र कृष्णधवल करून पाहावे. त्यातही आकृत्या नीट सुट्या दिसत असतील, तर काम पुष्कळसे जमले असे समजावे. वरचा लेप चकचकीत नको, कारण खिडकीचा आणि दिव्यांचा प्रकाश त्यावरून परावर्तित होऊन डोळ्यांना त्रास देतो.

उंचीचा विचार तर बहुतेक ठिकाणी झालेलाच दिसत नाही. खुर्चीवर किंवा चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साडेतीन ते चार फुटांवर असते. आपल्या बारा फुटी भिंतीवर माणसांचे चेहरे आठ फुटांवर काढले, तर ते समारंभाच्या छायाचित्रात छान दिसतील. रहिवाशांना मात्र मान वर करावी लागेल आणि त्यांतील अनेकांना ते जमणार नाही. चेहरे, हात, भांडी, पाट्या, प्राणी असे पाहत राहण्याजोगे तपशील तीन ते पाच फुटांच्या पट्ट्यात असावेत. वर झाडांचे शेंडे, कौले, डोंगर, आकाश असावे. खालच्या अडीच–तीन फुटांवर खुर्च्यांच्या पाठी घासणार आणि आमटीचे हातही लागणार. तेथे धुता येईल असा गडद, साधा पट्टा सोडावा.

रंग कमी वासाचा आणि पाण्यात मिसळणारा घ्यावा, कारण रहिवाशांत दम्याचे रुग्ण असतातच. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असले पाहिजे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहून घ्यावा. काम चालू असताना जेवणाची सोय दुसरीकडे करावी, परंतु रहिवाशांना काम पाहू द्यावे. परांचीपासून सुरक्षित अंतरावर चार खुर्च्या मांडल्या, की चित्राविषयी बोलणे आपोआप सुरू होते आणि चित्रकारालाही आपल्या चुका तेथल्या तेथे कळतात.

प्रश्न : माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे आणि ते एका संस्थेत राहतात. रुग्णांनी बाहेर पडू नये म्हणून तेथे बाहेरच्या दरवाजावर पुस्तकांच्या कपाटाचे हुबेहूब चित्र काढले आहे. मार्गिकेच्या शेवटी विहीर आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्यांचे चित्र आहे. वडील त्या बाजूला जायला घाबरतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

विहीर आणि पायऱ्या यांविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे. ते चित्र तेथून काढावे. स्मृतिभ्रंशात एखादी जागा किती खोल आहे याचा अंदाज घेण्याची क्षमता अनेकदा मंदावते. जमिनीवरचा काळा पायपुसणेसुद्धा काही रुग्णांना खड्डा वाटतो आणि ते तो ओलांडत नाहीत. खरी भासणारी विहीर ही आपल्या वडिलांसाठी खरीच विहीर आहे, म्हणून त्यांची भीती अगदी समजण्यासारखी आहे. भास निर्माण करणारी त्रिमिती चित्रे, विशेषतः जमिनीवरची, अशा संस्थांत काढूच नयेत. बारीक ठिपक्यांची दाट नक्षीही टाळावी, कारण काहींना त्यात किडे–मुंग्या दिसतात आणि ते त्या वेचू लागतात.

दरवाजा झाकणारे चित्र हा अधिक कठीण प्रश्न आहे. ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते आणि तिच्यामुळे काही रुग्णांचे बाहेर पडण्याचे प्रयत्न कमी होतात. रस्त्यावर हरवण्याचा धोका खरा असतो, त्यामुळे संस्थेचा हेतू मी वाईट मानत नाही. तरीही दरवाजा लपवला, पण जाण्यासाठी दुसरी जागा दिली नाही, तर माणसाची चालण्याची ओढ तशीच राहते आणि ती अस्वस्थतेत बदलते. आतल्या आत फेरी मारून परत येता येईल अशी वाट, शक्य असल्यास लहानशी बंदिस्त बाग, ही आधी द्यायची गोष्ट आहे. त्याचबरोबर आगीच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या दरवाजावरील खूण आणि कडी चित्राने झाकलेली नाही ना, आणि रात्रपाळीच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला तो दरवाजा ठाऊक आहे ना, हे आपण संस्थेला लेखी विचारावे.

याच मार्गिकेत चित्राचा फार चांगला उपयोग करता येतो. प्रत्येक वळणावर एकच, मोठी, सहज ओळखू येणारी आणि दुसऱ्या वळणापेक्षा अगदी वेगळी वस्तू काढावी : एके ठिकाणी तुळशीवृंदावन, दुसरीकडे सायकल, तिसरीकडे पिकलेल्या आंब्यांची फांदी. खोलीचा क्रमांक विसरणाऱ्या व्यक्तीला “सायकलीच्या पुढे माझी खोली” हे पुष्कळ काळ लक्षात राहू शकते.

प्रश्न : आमच्या गावात बाजाराजवळच्या चिऱ्याच्या भिंतीवर विद्यार्थ्यांकडून साठ फुटांचे चित्र काढून घेतले होते. दोन पावसाळ्यांतच पोपडे सुटले आणि शेवाळ चढले. आता नव्याने काढायचे आहे. कोणता रंग वापरावा?
— एक कलाशिक्षक, सिंधुदुर्ग

आपण रंगाविषयी विचारले आहे; मी आधी पाण्याविषयी लिहितो, कारण कोकणात चित्रे बिघडवण्याचे काम बहुतांशी पाणी करते आणि तेही समोरून कमी, मागून अधिक. चिरा म्हणजे जांभा दगड आणि तो सच्छिद्र असतो. भिंतीच्या मागे मातीचा भराव असेल, माथ्यावर उतार दिलेला नसेल किंवा शेजारच्या छपराच्या पागोळ्या तिच्यावर पडत असतील, तर जगातला कोणताही रंग टिकणार नाही. भराव पेलणारी भिंत असेल, तर ती सोडून द्यावी आणि दुसरी शोधावी. इतर भिंतींवर एक फुटी पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव साचले, तर भिंत अजून ओली आहे.

भिंतीवर पांढरा लोणा दिसत असेल, तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून, घासून, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. सुटलेले पोपडे घट्ट भागापर्यंत खरवडावेत. नवा गिलावा केला असेल, तर किमान २८ दिवस थांबावे, कारण ताज्या सिमेंटमधील क्षार रंगांना मारतो. दिवाळीपर्यंत भिंतीला वाळू द्यावे आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत काम करावे. घाई करून ऑक्टोबरच्या आरंभी काम उरकणारे लोक पुढच्या जूनपर्यंतच चित्र पाहतात.

आता रंग. डिस्टेंपर बाहेर चालत नाही. तैलरंग, ज्याला आपण ऑइलपेंट म्हणतो, तो भिंतीवर घट्ट पापुद्रा धरतो. आतली ओल बाहेर पडू पाहते, तिला वाट मिळत नाही आणि पापुद्रा फुगून सुटतो. आपल्या आधीच्या चित्राचे असेच झाले असण्याची शक्यता बरीच आहे. क्षार सहन करणारा बाह्य प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या भिंतींसाठीचा ॲक्रिलिक इमल्शन वापरावा. पुट्टीचा जाड थर बाहेर शक्यतो टाळावा. रंगाच्या दोन हातांसाठी लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट धरले, तर साठ फूट लांब आणि आठ फूट उंच भिंतीवर चित्राखालच्या पायाच्या रंगाला आठ ते दहा लिटर लागतील. खडबडीत चिऱ्याला त्याहून अधिक. छटांमध्ये गेरू, पिवळी माती, तांबूस–तपकिरी लोह ऑक्साइड, थॅलो निळा आणि हिरवा, काजळी काळा हे उन्हात टिकतात. झगझगीत गुलाबी, जांभळा आणि स्वस्त स्टेनरमधील (रंगात मिसळायच्या छटांमधील) लाल–पिवळे लवकर उडतात. ते हवेच असतील, तर लहान जागी वापरावेत, म्हणजे पुढे हात फिरवता येईल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला पाऊस आणि दुपारचे ऊन दोन्ही झोडपतात.

आणखी एक विचार आपल्यापुढे ठेवतो. महाराष्ट्रात जी जुनी भित्तिचित्रे टिकली, ती छताखाली टिकली. अजिंठ्याची चित्रे डोंगरात कोरलेल्या लेण्यांत, भाताचे तूस आणि तंतू घातलेल्या मातीच्या लेपावर आहेत. वाईजवळच्या मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यातील चित्रे खोल्यांच्या आत आहेत. आपल्याही गावात बाजाराची पडवी, वाचनालयाचा ओटा, बसथांब्याची आतली भिंत अशी वळचणीखालची जागा असेल, तर साठ फुटांचा मोह सोडून वीस फुटांचे चित्र तेथे काढावे. दुसरा मार्ग वारली घरांचा आहे. तेथे लग्नाच्या वेळी शेणमातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहिला जातो आणि पुढच्या लग्नात तो नव्याने लिहिला जातो. चित्र दरवर्षी नव्या तुकडीने नव्याने काढायचे, असे आधीच ठरवून शाळेने ती प्रथा केली, तर पोपड्यांचे दुःख उरणार नाही आणि प्रत्येक वर्षीच्या मुलांना भिंत मिळेल.

प्रश्न : माझी आई अमेरिकेत ज्येष्ठांच्या वसाहतीत राहते. तेथील भारतीय आणि इतर रहिवाशांना बाहेरच्या भिंतीवर स्वतः चित्र काढायचे आहे, परंतु शिडीवर कोणालाच चढता येणार नाही. काही उपाय आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उपाय आपल्या शेजारच्याच शहरात आहे. फिलाडेल्फियामध्ये १९८४ पासून चाललेल्या सार्वजनिक भित्तिचित्रांच्या उपक्रमात अनेक चित्रे आधी कापडावर रंगवतात. हे न विणलेले, पातळ पॉलिस्टर कापड असते. तेथे त्याला पॅराशूट क्लॉथ म्हणतात. पाच फुटी चौकोनी तुकड्यांवर रेषा आणि रंगांचे क्रमांक आखून ते टेबलावर पसरतात, लोक बसून रंग भरतात आणि पुढे कारागीर ते तुकडे ॲक्रिलिक जेलने भिंतीवर कागदासारखे चिकटवून सांधे रंगाने बुजवतात. शाळा, तुरुंग आणि ज्येष्ठांची केंद्रे येथील माणसांचा हात अशाच रीतीने मोठ्या भिंतींना लागला आहे. महाराष्ट्रात हे करायचे असल्यास मिळेल ते न विणलेले कापड आधी एका लहान तुकड्यावर रंगवून, भिंतीला लावून, एक पावसाळा पाहावे.

कंप असलेल्या हातांसाठी ब्रशच्या दांड्याला फोम गुंडाळून तो जाड करावा. ज्यांना ब्रश धरवत नाही त्यांनी छटा निवडाव्यात, आठवणी सांगाव्यात, अक्षरे काढावीत. पोर्तुगालमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या ‘लाटा ६५’ या उपक्रमात ज्येष्ठांना छाप (स्टेन्सिल) कापायला आणि रंगाच्या फवाऱ्याने रस्त्यावरच्या भिंती रंगवायला शिकवतात. तेथे त्यांना विद्यार्थी म्हणून गंभीरपणे घेतले जाते, हा त्यातील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. आपल्याकडे ज्येष्ठांना “छान हं” म्हणून लहान मुलांसारखे वागवण्याची वाईट सवय आहे. रेषा चुकली तर चुकली असे सांगावे, पुन्हा काढू द्यावी आणि काम पूर्ण झाल्यावर भिंतीच्या कोपऱ्यात प्रत्येकाचे नाव लिहावे.

प्रश्न : आमच्या लहान नगरपरिषदेला गावभर चित्रे काढून पर्यटक आणायचे आहेत. हे शक्य आहे का?
— एक नगरसेवक, विदर्भ

कॅनडातील शमेनस हे व्हँकुव्हर बेटावरचे लाकूडकटाईचे छोटे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. १९८२ मध्ये तेथे चित्रे काढायला आरंभ झाला, १९८३ मध्ये गावाचा आधार असलेली लाकडाची गिरणी बंद पडली आणि पुढे चित्रांमुळे लोक येऊ लागले. त्या भिंतींवर काढले ते त्याच गावचे : ओंडके वाहणारे कामगार, गिरणी, तेथील मूळ रहिवासी. आपल्याकडे महाबळेश्वर–पाचगणीजवळचे भिलार मे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले, तेव्हा तेथील घरे चित्रकारांनी रंगवली. परंतु चित्र पाहून आत शिरणाऱ्याला आत खरोखर पुस्तके मिळतात. भिंतीच्या मागे गावाचे काही खास असेल, तर चित्र त्याकडे बोट दाखवू शकते. स्वच्छतेची घोषणा, फुलपाखराचे पंख आणि कोठल्याही गावात चालेल असा निसर्ग यांसाठी कोणी वाट वाकडी करून येत नाही. आपल्या गावी कोसा विणला जात असेल, तलावावर पक्षी येत असतील, झाडीपट्टीची रंगभूमी जिवंत असेल, तर तेथून सुरुवात करावी आणि पर्यटक आले नाहीत तरी गावकऱ्यांना जे रोज पाहावेसे वाटेल तेवढेच काढावे.

घरमालकाची आणि नगरपरिषदेची संमती लेखी घ्यावी, कारण मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा १९९५ चा कायदा आहे. खर्चाचा काही भाग देखभालीसाठी पहिल्याच ठरावात राखून ठेवावा.

प्रश्न : एका संस्थेच्या भिंतीवर मी मोबदला घेऊन काढलेले चित्र तीन वर्षांनी मला न कळवता पांढऱ्या रंगाने पुसले गेले. चित्रकाराला काही अधिकार असतो का?
— एक चित्रकार, सोलापूर

असतो, पण तो कराराने बळकट करावा लागतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे जातो. कलम ५७ मधील नैतिक अधिकार, म्हणजे आपल्या कलाकृतीच्या मोडतोडीला हरकत घेण्यासारखा अधिकार, मात्र कलावंताकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून कोठारात टाकले गेले आणि त्याची मोडतोड झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. दुसरीकडे, कलाकृती प्रदर्शित न ठेवणे एवढ्यावरून या अधिकाराचा भंग होत नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे. आपल्या प्रकरणात काय निघेल, हे कागद पाहून वकीलच सांगू शकेल.

पुढच्या कामाच्या करारात चार ओळी घालाव्यात : चित्र किमान किती वर्षे ठेवले जाईल, दुरुस्तीसाठी आधी आपल्याला विचारले जाईल, भिंत पाडायची किंवा रंगवायची झाल्यास तीस दिवस आधी लेखी कळवले जाईल, आणि त्या मुदतीत छायाचित्रे घेण्यासाठी आपल्याला आत येऊ दिले जाईल.